ऑल्सीडचा डावा हात

मित्रांनो, माझ्या कडेचा मुलामा उडाला आहे आणि एका बाजूला पोचा आला आहे. पण म्हणून मला भंगार समजू नका. मी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराचा एक जुना ढोल आहे. चपटा, दोन काठ्यांनी वाजवायचा. माझ्या पोटाखाली बारीक तारा ताणलेल्या आहेत, त्यामुळे मी घुमत नाही, कडाडतो.

शिकागोच्या कारखान्यात पितळी पत्रा वाकवून मला घडवले, वर वासराचे कातडे चढवले आणि रेल्वेने दक्षिणेला धाडले. दुकानाच्या काचेमागे बसलो होतो, तेव्हा ऑल्सीड दुवर्ने मला घेऊन गेला. तो भिंतींना गिलावा करायचा आणि रविवारी आमच्या ट्रेमे मोहल्ल्याच्या बँडमध्ये वाजवायचा. अंत्ययात्रेत जाताना आम्ही संथ वाजवत असू आणि परतताना असे, की रडून थकलेली माणसे नाचू लागत.

घरीही त्याचे हात गप्प बसत नसत. सोमवारी चुलीवर राजमा शिजत असे आणि हा टेबल बडवत असे. त्याची बायको ओडील वैतागून म्हणायची, “भिंतींना गिलावा करतोस, तसा माझ्या कानांना पण कर एकदा!”

एके दिवशी लुसियन नावाच्या गवयाने आम्हाला ध्वनिमुद्रणाला बोलावले. इस्त्रीवाल्यांच्या दुकानामागची ती लहानशी खोली होती. सगळ्यांसाठी मिळून एकच माइक. लुसियन पियानो वाजवत गात होता, पण गाणे काही केल्या पाय उचलेना. खोलीचे मालक गॅरिटीसाहेब माझ्यावरच घसरले.

“ऑल्सीड, ढोल मागे घे. गाणं ऐकू यायला हवं.”

आम्ही दारापर्यंत सरकलो. मग आणखी मागे. शेवटी मी थेट बोळात जाऊन बसलो.

“अजून मागे सरकलो तर घरी पोचेन, साहेब,” ऑल्सीड म्हणाला. बोळात त्याला पियानो ऐकू येईना. मग त्याने मोहल्ल्याच्या मिरवणुकीतला ठेका धरला आणि चारांतल्या दुसऱ्या नि चौथ्या मात्रेवर डाव्या हाताने मला असा सडकून फटका दिला, की माझ्या तारा किंचाळल्या.

लुसियन थांबला. “हे काय? कुणाची मिरवणूक निघालीय?”

“तू गा तर खरं! माझ्यावर मग ओरड.”

तो गायला लागला आणि पहिल्याच कडव्यात त्याचे खांदे उडू लागले. तेवढ्यात पुढच्या दुकानातल्या बायका इस्त्र्या तशाच टाकून बोळात आल्या आणि माझ्या भोवती नाचायला लागल्या. मागून शर्ट जळल्याचा वास आला, तरी एकही हलली नाही.

गॅरिटीसाहेबांनी एकदा बायकांकडे, एकदा माझ्याकडे पाहिले. “ढोल आत आणा,” ते म्हणाले.

त्या दिवशी मुद्रित झालेल्या गाण्याची तबकडी गावोगाव वाजली. नाचघरांत मधोमध दोरी बांधून गोरे एकीकडे आणि आमची काळी माणसे दुसरीकडे उभी करत. आमचे गाणे सुरू झाले की दोरी पायदळी जाई. दूरदूरचे ढोलवादक फक्त ऑल्सीडचा डावा हात बघायला येत. तबकडीवर मात्र एकट्या लुसियनचे नाव होते. ओडील चिडून म्हणाली, “गाणाऱ्या तोंडाचा फोटो छापतात. हाताचा कोण छापणार!”

मग आवडी बदलल्या. ठेका यंत्रातून येऊ लागला. ऑल्सीड पुन्हा भिंती लिंपू लागला आणि मी कपाटावर गेलो. नदीकाठची ती दमट हवा! माझ्या तारा गंजल्या, कातडे फाटले. त्याहून वाईट म्हणजे एका सकाळी ऑल्सीडच्या हातून कॉफीचा पेला गळून पडला. तो डावा हात पुन्हा उठला नाही.

कोणी भेटायला आले की तो म्हणे, “तो ऑल्सीड गेला. हा नुसता खुर्चीतला माणूस आहे.” माझ्याकडे तर तो बघतही नसे.

ओडीलने हे काही महिने ऐकून घेतले. मग एका दुपारी तिने मला खाली काढले, तारांना तेल लावले, नवे कातडे बसवून आणले आणि त्याच्यासमोर आणून ठेवले.

“वाजव.”

“एका हाताने? उजवा नुसता चालतो गं. फटका डाव्याचा.”

“मग चालव तो.”

नाइलाजाने त्याने माझ्या कडेवर उजव्या हाताची काठी चालवली. टिक, टिक, टिक, टिक. ओडीलने दुसरी काठी भाजीचा डाव धरावा तशी मुठीत धरली आणि बरोबर दुसऱ्या मात्रेवर मला हाणले. मग चौथ्या.

ऑल्सीड थबकला. “तुला कुणी शिकवलं?”

“शिकायचं काय त्यात? जन्मभर डोकं उठवलंस माझं.”

“चौथा ठोका ओढतेस जरा.”

“मला शिकवू नकोस. तू तुझा हात चालव!”

तो हसला. हसता हसता डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तसाच वाजवत राहिला. त्यानंतर रोज जेवण झाले की ती दोघे मिळून मला वाजवत. शेजारची माणसे ओसरीवर येऊन बसत.

ऑल्सीड गेला, त्याला आता बराच काळ लोटला. मला संग्रहालयात न्यायला माणसे आली तेव्हा ओडील म्हणाली, “न्या. पण मी येईन तेव्हा काच उघडायची.” ती येते. रखवालदार कुलूप काढतो. ती फक्त दुसरा आणि चौथा ठोका देते, मधल्या जागा मोकळ्या सोडते. एकदा त्याने विचारले, “बाई, मधले ठोके राहिले की!”

“ते त्याचे आहेत,” ती म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे वाद्य मुके पडले असेल तर नुसती धूळ पुसू नका; खाली काढा, वाजवा. आणि एखाद्या गाण्यावर तुमचे पाय आपोआप हलले, तर मागे वाजवणारा कोण, एवढे विचारा. कोणी माझ्यापाशी येऊन मोठ्याने ‘ऑल्सीड दुवर्ने’ म्हटले, की काठी न लावताही माझ्या तारा थरथरतात.