सात वाजून वीस मिनिटे

मित्रांनो, मी एक जुने सोन्याचे घड्याळ आहे. पण माझे सोने मागाहून बघा, आधी माझा संताप ऐका!

स्वित्झर्लंडच्या डोंगरात एका म्हाताऱ्या कारागिराने खिडकीपाशी बसून मला घडवले. अंग अगदी पातळ, तबकडी पांढरीशुभ्र आणि काटे दोनच. मेजवानीच्या पोशाखात मिरवायच्या घड्याळाला सेकंदाचा काटा शोभत नाही म्हणे. माझ्यासारखी बाराच घडली. पहिली चावी दिल्यावर म्हाताऱ्याने मला कानाला लावले आणि तो खुदकन हसला. ते हसू मी अजून विसरलेलो नाही.

मुंबईच्या एका जवाहिऱ्याकडून मी जव्हारला आलो. राजांचे राज्य होते तेव्हाची ही गोष्ट. माझे मालक दाजीसाहेब कर्णिक लाकडाचे मोठे ठेकेदार. त्यांना दुर्मिळ स्विस घड्याळांचे भारी वेड. शिसवी कपाटात, मखमलीवर आम्ही एकोणीस जण! पण एकालाही चावी द्यायची नाही. "यंत्र झिजतं," म्हणायचे. अहो, मग मखमलीवर कांदे ठेवायचे होते! त्या घरातली माणसे वेळ बघायला अंगणातले ऊन बघत. आल्या आल्या माझी चावी संपली आणि मी सात वाजून वीस मिनिटांवर बंद पडलो.

तेवढे मी सोसले असते. पण या गृहस्थाने मला खोटे बोलायला लावले! जवळच्या जामसर गावची मजूर माणसे अंधारातच घर सोडून, सातच्या आत त्यांच्या वखारीवर पोचत. दाजीसाहेब ऐटीत मला खिशातून काढून त्यांच्यापुढे धरायचे. "सात वाजून वीस! उशीर!" उशीर झालेल्याने काम सुटल्यावर साहेबांच्या घरचे पाणी भरायचे, तेही फुकट. दोन काट्यांचा मी. चालू की बंद, हे नुसते बघून कुणाला कळणार? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण मला साधी टिकटिकही करता येत नव्हती.

घरातली झाडलोट जामसरचीच नवशी करी. मला पुसताना भरदुपारीही काटे सकाळच्याच जागी आहेत, हे तिने हेरले. तिने मला कानाला लावले. बराच वेळ ऐकले आणि जागेवर ठेवले.

तिची भावजय सुकी वखारीत कामाला होती. तिला सातवा महिना लागलेला. तीन दिवस लागोपाठ तिला 'उशीर' झाला. तिसऱ्या संध्याकाळी ती हंड्यासकट विहिरीच्या पायरीवर बसली, ती उठेचना. नेमके तेव्हाच नाशिकचे एक पाहुणे संग्रह बघायला आले होते आणि कपाट उघडे होते. नवशीने मला उचलले आणि तडक ओटीवर नेऊन पाहुण्यांपुढे धरले.

"पाव्हण्या, कानाला लाव."

पाहुण्यांनी लावले. "दाजीसाहेब, हे तर बंद आहे!"

"बंदच असतं ते! इतकी दुर्मिळ चीज, मी कधीच चावी देत नाही," दाजीसाहेब फुशारकीने बोलून गेले.

"मंग सायेब, रोज सकाळी आमाला उशीर कसा होतो?"

अंगणात पाणी भरणारी माणसे जागच्या जागी थांबली. दाजीसाहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. "घड्याळाला हात लावतेस? चालती हो!" ते ओरडले. नवशी चालती झाली, सुकीला खांद्याचा आधार देऊन. मागोमाग एकेकाने आपला हंडा खाली ठेवला आणि वाट धरली.

दुसऱ्या सकाळी दाजीसाहेबांनी मला बाहेर काढले मात्र, पांड्या नावाचा म्हातारा गडी पुढे आला आणि त्याने कान पुढे केला. "ऐकू दे सायेब." दाजीसाहेबांनी मला घाईघाईने खिशात कोंबले. पुन्हा कधी बाहेर काढले नाही.

सुकीचे बाळंतपण नीट झाले का, मला आजवर कळलेले नाही. कुलपातल्या वस्तूला कोण सांगणार? माझे तेल वाळले, चाके गंजली. मित्रांनो, मला मखमल नको, चावी द्या. आणि कुणी घड्याळ पुढे करून तुम्हाला उशीर झाला म्हणाले, तर मान खाली घालू नका. आधी ते कानाला लावा.