सरावाचे पेशंट

नोंदणीबाईंनी चष्मा पुसला, मोठ्या डॉक्टरांच्या स्क्रीनवरची यादी पुन्हा वाचली आणि चक्क हसल्या.

"हसताय काय बाई? आपल्या सगळ्या पेशंटांची माहिती चोरली म्हणतात. हा नुसता नमुना. पैसे दिले नाहीत तर बाकीची जगासमोर मांडणार."

"पहिला पेशंट बघा ना डॉक्टर. वय एकशे चार, अक्कलदाढ येतेय."

डॉक्टर पुढे वाकले.

"त्याखालचा, वजन तीनशे किलो, भूक लागत नाही. हे सगळे मी रचलेत, नव्या मुलींना नोंदी शिकवायला. हसल्या की लक्षात राहतं. घरीही सराव करता यावा म्हणून यादी आपल्या वेबसाइटवर उघडीच ठेवलीय. चोरांनी तेवढीच उचलली. बाकी कॉम्प्युटरवाल्याने सगळं तपासलंय, कडीकोयंडा शाबूत आहे. नुसती हूल आहे ही."

"सुटलो!" डॉक्टरांनी खुर्चीला पाठ टेकली.

"मग त्या पोरीला फोन करते. उद्यापासून ये म्हणून."

धमकीचं पत्र नव्या मुलीच्या कॉम्प्युटरवर आलं होतं. तिनेच ते धावत वर आणून दाखवलं, आणि आज सकाळी डॉक्टरांनी तिच्याकडूनच राजीनामा लिहून घेतला होता. जाताना ती बाईंना एवढंच म्हणाली, "मावशी, मी काही केलं नाही. तुम्ही सांगा ना त्यांना."

डॉक्टर टेबलावरचं पेन सरळ करत राहिले.

"ट्रस्टींना मी कळवून बसलोय, बाई. आतला माणूस सापडला, काढून टाकला. आता चोरीच झाली नाही म्हटलं, तर मी पकडलं कोणाला?"

"तिला दुसरीकडे कोण उभं करेल?"

"बावीस वर्षांची तर आहे, मिळेल काहीतरी." त्यांनी मान वर केली. "यादी उघड्यावर तुम्ही ठेवलीत, हे मी कुठे बोललेलो नाही. निवृत्तीला पाचच महिने राहिलेत ना तुमच्या?"

बाईंनी चष्मा डबीत ठेवला. डबी दोनदा उघडून मिटली. मग त्या खाली गेल्या.

सोमवारी त्याच खुर्चीवर दुसरी मुलगी आली. बाईंनी तिला सरावाची यादी उघडून दिली. अक्कलदाढेला ती खुदकन हसली, भूक न लागणाऱ्याला तर तोंडावर हात धरून. शेवटच्या नोंदीपाशी मात्र अडखळली.

"वय बावीस. तक्रार, काही नाही. उपचार, घरी पाठवलं." तिने वळून पाहिलं. "हिला काय झालं होतं, मावशी?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून लिही."