ह्यांचं मशीन

सकाळी चहाच्याही आधी मी ह्यांच्या मशीनचा मास्क धुते. कोमट पाणी, लहान बाळांच्या साबणाचा एक थेंब, आणि बोटांनी रबराची घडी न् घडी चोळायची. कढत पाणी चालत नाही, रबर सैल पडतं. घासणी तर लांबच. मग टाकीतलं उरलेलं पाणी ओतायचं, टाकी पुसायची, नळी धुऊन, झटकून न्हाणीघरातल्या दांडीवर टांगायची आणि सगळं सावलीत वाळवायचं. आठवड्यातून एकदा टाकीत व्हिनेगरचं पाणी, नाहीतर तळाला पांढरा थर बसतो. बहीण फोनवर म्हणते, "एवढं घासून कधी नवऱ्याचं तोंड धुतलं होतंस का?" मी हसण्यावारी नेते. दुसरं करणार काय?

आमचे हे बसचे ड्रायव्हर. डेपोत त्यांना सगळे कॅप्टन म्हणतात, आणि ते नाव त्यांनी जरा जास्तच मनावर घेतलंय. एकदा सिग्नलला उभे असताना ह्यांचा डोळा लागला, आणि बस आपली आपणच पुढे सरकत जाऊन दुभाजकाला टेकली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण तपासण्या झाल्या, आणि कळलं की झोपेत ह्यांचा श्वास मधेमधे थांबतो, रात्रभर धड झोपच लागत नाही, म्हणून दिवसा पेंगतात. डेपोच्या डॉक्टरांनी हे मशीन दिलं. ते टाकीतल्या पाण्याने ओलसर केलेली हवा नळीतून नाकात ढकलत राहतं, घसा मिटू देत नाही. शिवाय मास्क किती वेळ लावला आणि श्वास किती वेळा अडला, ते आतल्या कार्डावर टिपून ठेवतं. कार्ड चांगलं निघालं तर बस परत हातात. तोवर चौकशीच्या खिडकीत बसायचं.

चौकशीची खिडकी! ह्यांच्या जिवाला ते फार लागलं. दिवसभर लोक विचारणार, बस कधी येणार, आणि हे घरी येऊन माझ्यावर डाफरणार.

आणि मास्क तर ह्यांना सोसेना. "तोंडावर कुणी हात दाबून धरल्यासारखं वाटतं," म्हणायचे, आणि ओरबाडून काढायचे. एकदा तर नळीच उपटली. मग एक दिवस लाडात येऊन म्हणाले, "अगं, आजच्या दिवस तू लाव की. कार्डाला काय कळतंय तोंड कुणाचं ते?"

मला हसू आलं. हसत हसतच लावला. तो आजचा दिवस कालपर्यंत संपला नव्हता.

तर हे असं चाललं होतं. ह्यांचं मशीन मी लावते. रोज. हे शेजारी खुशाल घोरतात, मधेच त्यांचा श्वास अडतो, मग गचका देऊन सुरू होतो, आणि मी, जिला काहीही झालेलं नाही, नाकात वारं कोंबून घेत छताकडे बघत पडते. कुशीवर वळावं तर नळी ओढते. बोलायला तोंड उघडावं तर सगळी हवा तोंडातून धावत बाहेर येते. सकाळी गालांवर पट्ट्यांचे वळ उठतात, ते पावडरीखाली झाकायचे. भाचीला बाळ झालं, बहिणीने चार दिवस ये म्हणून गळ घातली, पण एक रात्र जरी मी नसले तरी कार्डावर खाडा दिसणार. बहिणीला सांगितलं, "मशीन कोण धुणार?" तिला वाटतं मला स्वच्छतेचं खूळ लागलंय. लागू दे.

मला ह्यांचा राग येतो. कीवही येते, पण राग जास्त. स्वतःची समजूत घालत होते, की हळूहळू सवय होईल ह्यांना, मग मी सुटेन. आणि तोवर हे खिडकीतच तर बसतात, डुलकी लागली तर डोकं काचेवर आपटेल, अजून काय होणार? असं म्हणत म्हणत मी रोज संध्याकाळी टाकी भरत राहिले.

काल ह्यांची सुट्टी होती, दुपारी मशीनवाला आला. कंपनीचा माणूस, मधूनमधून येतो, फिल्टर बदलतो, कार्डावरचं काढून घेऊन डॉक्टरांकडे पाठवतो. बोलायला गोड. मी चहा ठेवला. त्याने मशीन उघडून बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, असं ठेवलेलं मशीन मी अख्ख्या गावात पाहिलं नाही. लोक नुसती बुरशी आणून ठेवतात." मग मास्क हातात घेऊन रबर चेपून बघितलं, नाकाशी नेलं. "साहेब, झोपताना तोंडाला क्रीम लावता काय? रबर चिकट होतंय. असं लवकर खराब होईल."

मी ट्रे खाली ठेवला. क्रीम माझी.

"लावतो की," हे म्हणाले. "त्वचा कोरडी पडते माझी."

ज्या माणसाने जन्मात दाढीनंतर पाणीसुद्धा नीट लावलं नाही, तो! मशीनवाला हसला, हे हसले, मलाही हसावं लागलं. बशीत बिस्किटं मांडताना माझे कान गरम झाले होते.

त्याने कार्ड लॅपटॉपला जोडलं आणि भुवया उंचावल्या. "वा! साहेब, गेल्या खेपेपासून एक रात्र चुकवली नाहीत. श्वास अडणं जवळजवळ बंद. प्रेशरसुद्धा सुरुवातीला लागत होतं त्याच्या निम्मं पुरतंय. तुमचं उदाहरण मी बाकीच्यांना सांगणार." त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझ्या निरोगी छातीचे सरळ सपाट आलेख, आणि वर ह्यांचं नाव.

"मग बस कधी?" ह्यांनी विचारलं.

"डॉक्टर म्हणालेत, कागद चांगला आला की सोमवारपासून. लांबच्या गाडीवर घेतायत तुम्हाला. घाटातली."

ह्यांचा चेहरा असा उजळला की क्षणभर मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? मशीनवाला खाली मान घालून टाईप करू लागला, आणि हे आरामखुर्चीत मागे टेकून घाट कसा चढवायचा ते मला सांगू लागले. दुसरा गिअर कुठे, हॉर्न कुठे, वळणावर समोरून ट्रक आला तर... बोलता बोलता शब्द लांबले. मान कलली. हातातली कपबशी हळूहळू तिरकी झाली आणि चहा पँटवर सांडणार तोच मी ती धरली. ह्यांना पत्ताच नाही. घशातून घर्र आवाज निघाला, आणि मग काहीच नाही. मग गचका.

भर दुपारी. ट्रक समोर असताना.

"तो रिपोर्ट माझा आहे," मी म्हणाले.

मशीनवाल्याची बोटं थांबली. मी सगळं सांगितलं. मास्क, क्रीम, सगळं. कपबशी माझ्या हातात तशीच होती. आवाजाने हे जागे झाले, आधी रिकाम्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मी काय सांगितलं ते त्यांना कळलं.

"चेष्टा करते ती," हे म्हणाले.

मशीनवाल्याने स्क्रीनकडे बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, कागद अजून गेलेला नाही. मी हे ऐकलंच नाही, असं समजू का?"

"समजा," हे घाईने म्हणाले.

दोघंही माझ्याकडे बघत होते. मी फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात तर माझा हात धरणारं कोणी नाही.

"नाही," मी म्हणाले. "ऐकलंय तुम्ही."

त्याने मान डोलावली आणि लॅपटॉप मिटला. डॉक्टरांना सांगावं लागेल, म्हणाला. सगळं परत पहिल्यापासून. आणि आता साहेबांनीच लावायचा.

"घालवलीस माझी बस," हे मला म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. "समाधान झालं तुझं?"

"नाही झालं," मी म्हणाले. आणि झालंही नव्हतं.

मशीनवाला बिचारा जायला निघाला होता, पण दारातून परतला. म्हणाला, एकदम रात्री लावू नका, आधी दिवसा, बसल्या बसल्या, थोडा थोडा वेळ, सवय होते. आत्ताच करून बघा, मी आहे तोवर. मी मास्क धुऊन, पुसून आणला, पट्टे माझ्या मापाचे होते ते ह्यांच्या मापाला सैल केले आणि ह्यांच्या डोक्यावरून चढवला. मशीनवाल्याने बटण दाबलं.

ह्यांचे डोळे मोठे झाले. माझं मनगट दोन्ही हातांनी पकडलं. "काढ," म्हणाले. "अगं, काढ, काढ."

आत कसं होतं ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"नाकाने घ्या," मी म्हणाले. "तोंड मिटा."

नखं मनगटात रुतली. डाव्या कडेने हवा सुटत होती, म्हणून मी पट्टा आणखी थोडा ओढला.