माझ्यात गार झालेली कॉफी

बसा मित्रांनो, जवळ सरका. एक गोष्ट सांगतो. ती अजून संपलेली नाही, आणि मी तिच्यातच अडकलोय.

मी एक जुना कॉफीचा कप आहे. एवढुसा, बिनकानाचा. पॅलेस्टाईनमधल्या खलील गावच्या भट्टीत भाजला गेलो, अंगावर निळी वेलबुट्टी घेऊन. उम्म तहसीननं, म्हणजे तहसीनच्या आईनं, मला मोज्यात कोंबून अमेरिकेत आणलं, शिकागोच्या कडेला. तिथं तिच्या नवऱ्यानं, अबू तहसीननं, टायरचं दुकान टाकलं आणि मला टाकलं काचेच्या कपाटात. कुलूप लावून! पाहुणा आला तरच सुटका. त्यानं "वा, काय कप आहे!" म्हणायचं, की परत कुलूप.

त्यांचा पोरगा तहसीन स्टेजवर उभा राहून लोकांना हसवतो. "आमच्या घरातल्या कपालाही बाहेर पडायला परवाना लागतो," असं म्हणतो म्हणे. मला राग नाही. खरंच आहे ते.

पण एकदा त्यानं बापाची गोष्ट सांगितली. तिकडं मायदेशात लष्करी नाक्यावर एका सैनिकानं अबू तहसीनला गाढवासारखं ओरडायला लावलं, तेव्हाच पुढं जाऊ दिलं होतं. पोरानं ते ओरडणं स्टेजवर करून दाखवलं. फोनवरून ते घराघरांत पोचलं. म्हाताऱ्यानं पोराशी बोलणंच टाकलं.

मग एका रविवारी दुपारी तहसीननं दारावरची घंटी वाजवली. खिशात किल्ली असून! पाहुणा बनून आला. पाहुणा म्हटल्यावर कॉफी आलीच. दुश्मनालाही ही माणसं कॉफीविना धाडत नाहीत. म्हाताऱ्यानं मला बाहेर काढलं, भरलं, पुढं केलं. पोरानं मला घेतलं आणि तसंच टेबलावर ठेवलं.

झालं! आमच्याकडं मुलीला मागणी घालायला आले की असंच करतात. मागणं मान्य करून घरधनी "पी, दिलं" म्हणेपर्यंत घोट घ्यायचा नाही. आणि कॉफी तशीच टाकून पाहुणा उठला, तर घराची अब्रू गेली.

"माझ्याकडं मुलगी नाही," म्हातारा गुरकावला.

"मुलगी नको, बाबा. शुक्रवारी कार्यक्रमाला या. पहिल्या रांगेत बसा."

"लोक मला हसणार, ते मी बघत बसू?"

"तुम्हाला नाही हो. त्या सैनिकाला हसतात. येऊन तर बघा."

माझ्यातली वाफ गेली, तळाशी गाळ बसला. मला सांडता येईना, रिकामंही होता येईना. त्या दोघांचंही तेच.

एकाएकी म्हातारा म्हणाला, "गाढव असं ओरडत नाही, माकडा. तू बकरीसारखा बें बें करतोस."

आणि घसा खाकरून तो ओरडला. असा ओरडला, की कपाटातली माझी भावंडं किणकिणली. आत उम्म तहसीन तोंड दाबून हसली. पोरगा हसता हसता रडायला लागला. म्हाताऱ्याचेही डोळे भरले.

पण "पी" काही म्हणाला नाही.

पोरगा अजून बसलाय. मी अजून भरलेलाच आहे. मित्रांनो, कधी आमच्या दारावरून गेलात, तर जरा आत या. खऱ्या पाहुण्याचा शब्द म्हातारा मोडत नाही. त्याला एवढंच सांगा, "बाबा, म्हणा की एकदा... पी."