नुसत्या फुलांचे वेल

मी एक जुनं खुरपं आहे. कळमनुरीच्या बाजारात लोहाराने मला ठोकून वाकवलं, बाभळीची मूठ बसवली आणि नीलाबाईने धारेवर बोट फिरवून मला पसंत केलं. मित्रांनो, माणसं आभाळाकडे बघतात, मी मुळांकडे. कोणाचं मूळ किती खोल, हे बघायची मला भारी खोड!

बांध जवळ आला की मात्र नीलाबाई हात आखडता घ्यायची. तिथे करटुल्याचे वेल होते. पावसाळ्यात काहींना हिरवी, काटेरी फळं लागत. काहींना नुसतीच पिवळी फुलं येत. तरी त्यांना ती मला शिवू द्यायची नाही. कशासाठी, ते काही केल्या मला कळेना.

पुढे तणनाशक आलं. पाठीवरच्या पंपाचं कौतुक सुरू झालं आणि मी पत्र्याखाली खोचलेला गंजत राहिलो.

नीलाबाईचे गुडघे दुखू लागले, तेव्हा तिची सून साधना शेतात येऊ लागली. ती नांदेडला वाढलेली. तिला सगळं हिरवं सारखंच दिसे. सासूला बांध स्वच्छ दिसावा म्हणून तिने मला काढलं आणि नुसत्या फुलांचे वेल मुळासकट उपटले. खोटं कशाला बोलू, मीही हौसेने उकरत होतो. केवढाले कंद होते खाली!

पुढच्या पावसाळ्यात उरलेले वेल फुलले. पण फुलामागची इवली फळं पिवळी पडून गळाली. नीलाबाई काठी टेकत बांधावर आली.

“फुलांचे वेल कुठं गेले गं?”

“मी काढले, आत्याबाई. त्यांना फळच धरत नव्हतं.”

“अगं, नर होते ते! त्यांच्याबिगर ह्यांना फळ काहून धरंल?” मग ती मऊ आवाजात म्हणाली, “मी तरी तुला कधी सांगितलं?”

ती खाली बसून गळालेली फळं वेचू लागली. मला माझ्या धारेची लाज वाटली.

साधना मला घेऊन चार दिवस नर वेलासाठी शिवारातले बांध धुंडाळत होती. भेटेल त्या माणसाला रोपाचं नाव विचारायची. तरोटा, कुरडू, आघाडा. कालचा कचरा एकेका नावाने तिच्या ओळखीचा होऊ लागला. पाचव्या दिवशी शेजारच्या शकीलभाईंच्या बांधावर नुसत्या फुलांचा एक वेल सापडला.

“बराबर वळखलं, वहिनी. पण उद्या इथं फवारणी हाय. न्यायचा तर आजच न्या,” शकीलभाई म्हणाले.

साधनाने वेलापासून अंतर ठेवून गोल माती सैल केली. कंद दिसताच तिचा हात थांबला. माझं एक टोक लागलं असतं तर सगळं संपलं असतं. तिने मला बाजूला ठेवलं आणि बोटांनी माती काढली. मित्रांनो, त्या दिवशी मी चिखलात गप्प पडून राहिलो, तेच माझं सगळ्यात मोठं काम.

आपल्या बांधावर आणून लावलेला वेल सुकला. साधना रोज जाऊन बघायची. पुढच्या पावसाळ्यात मातीतून कोंब वर आला, फुलला, आणि बाजूच्या मादी वेलाला पहिलं करटुलं धरलं. साधना ते तोडायला निघाली, तशी नीलाबाईने तिचा हात धरला.

“ऱ्हाऊ दे. पिकू दे, फुटू दे. बी पडंल.”

म्हणून सांगतो, मित्रांनो, काही उपटायच्या आधी त्याचं नाव विचारा. सांगणारं माणूस अजून बांधावर बसलेलं आहे.