घोड्याच्या कानात

सवत फक्त बायकांनाच असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी या न्हाव्याची हकिगत ऐकावी. त्याच्या सवतीला चार पाय होते, कपाळावर पांढरा ठिपका होता, आणि शेपटी अशी लांब की तिच्या धाकाने माश्या शेजारच्या घोड्यावर जाऊन बसायच्या.

न्हावी तसा साधा माणूस. दुकानात खुर्च्या तीन, त्यांतल्या दोन कामाच्या आणि एक नुसती गोल फिरणारी. पण त्याच्या आवाजात काहीतरी होतं. ज्याच्या गळ्यावर वस्तरा धरायचा त्याच्याशी मोठ्याने बोलायचं नसतं. गिऱ्हाईक दचकलं की प्रकरण अक्षरशः गळ्याशी येतं. म्हणून उमेदवारीच्या दिवसांपासून त्याने आवाज मऊ ठेवला होता, कोमट पाण्यातून पिळून काढलेल्या टॉवेलासारखा. पुढे तो आवाज तसाच राहून गेला. आनंद झाला तरी तोच, राग आला तरी तोच. खुर्चीत बसलेली माणसं त्या आवाजाने बघता बघता घोरायला लागत. एक कारकून असाच दाढीला बसला आणि त्याला अशी गाढ झोप लागली की जागा झाला तेव्हा दाढी पुन्हा करावी लागली. आळीतल्या बाया रडकी पोरं घेऊन दुकानात शिरत आणि केस न कापताच, झोपलेली पोरं खांद्यावर टाकून परत जात.

तोटा एकच. बायकोही झोपायची. ती शहरातल्या बसची ड्रायव्हर, पहाटेची पहिली गाडी तिची. संध्याकाळी न्हावी दुकानातली गंमत सांगायला लागला की दुसऱ्या वाक्याला तिची मान कलंडलेली. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याची एकही गोष्ट तिने शेवटपर्यंत ऐकली नव्हती. पण रविवार त्याचा होता. रविवारी ती ताजीतवानी असायची. दोघं गॅलरीत चहा घेऊन बसायची, बोलायची ती आणि ऐकायचा तो. लग्नाच्या नव्या नवलाईत ती त्याला 'राजा' म्हणायची. पुढे राजाचं 'अहो' झालं, 'अहो'चं 'ऐकलंत का' झालं. तरी रविवारच्या दुसऱ्या कपाला एखादा 'राजा' चुकूनमाकून निघायचा.

मग डेपोतल्या मैत्रिणींबरोबर ती एकदा गावाबाहेरच्या तबेल्यात गेली, आणि रविवार गेला तो गेलाच. घोड्याचं मूळचं नाव काहीतरी भारदस्त होतं. हिने त्याला राजा म्हणायला सुरुवात केली. न्हाव्याच्या कानावर ते पहिल्यांदा पडलं तेव्हा त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासून तो घोड्याला 'ते ध्यान' म्हणायला लागला. मऊ आवाजात, अर्थात.

आता शर्यतीचं. धुरळा उडवत दोन मिनिटांत संपते तसली ही शर्यत नव्हे. ही दिवसभराची. तळ्याकाठी सगळ्यांनी तंबू ठोकायचे, सकाळी निघून डोंगर-ओढे पालथे घालत तिथेच परत यायचं, असे तीन मोठे फेरे. आणि परीक्षा धावण्याची कमी, थांबण्याची जास्त. प्रत्येक फेऱ्यानंतर घोड्याला पाणी मारून थंड करायचं, मग डॉक्टर त्याच्या काळजाचे ठोके मोजणार. ठरल्या वेळात ते मिनिटाला चौसष्टच्या खाली उतरले तर पुढे, नाही तर घोडा बाद.

ते ध्यान या थांबण्यात आधी दोनदा नापास झालं होतं. पळायला वारा, पण ही जवळ दिसली की नाचायला लागायचं. हीही त्याला कुरवाळत बसायची. ठोके खाली येणार कसे? शेवटी तबेल्याच्या मालकाने निर्वाणीचं सांगितलं, "बाई, या खेपेला पार पडला तर घोडा तुमचा. नाही पडला तर माझ्या भावाच्या मळ्यावर धाडून देतो. लांब आहे, पण हुंदडायला जागा आहे."

न्हाव्याने ते ऐकलं आणि त्या मळ्यावर घोड्याची मनातल्या मनात सगळी व्यवस्था लावून टाकली. आणखी एकदा, फक्त एकदा ते ध्यान नापास झालं की रविवार परत. त्यात बायकोने काय म्हणावं?

"अहो, या वेळी मी लांबच राहते. तपासणीला राजाला तुम्ही धरा."

"मी?"

"मग कोण? धाकटीला घोड्याजवळ गेलं की शिंका येतात. ती बादल्या आणील. धरायचं तुम्ही."

धाकटी म्हणजे तिची बहीण, न्हाव्याची मेहुणी, टपाल कचेरीत शिक्के मारायची आणि बोलतानाही शिक्केच मारायची. न्हाव्याने चेहरा पुसायच्या निमित्ताने टॉवेल तोंडावर धरला, कारण हसू आवरेना.

शनिवारी तळ्याकाठी मुक्काम पडला. तंबू ठोकला न्हाव्याने. निम्म्या खुंट्या जमिनीत गेल्या, निम्मे घाव अंगठ्यावर. लग्नात आलेलं चांगलं लोकरीचं पांघरूण घोड्याच्या पाठीवर पडलं आणि नवऱ्याच्या वाट्याला घोड्याची झूल आली. संध्याकाळी बघतो तर ही घोड्याच्या पोटाला कान लावून उभी.

"काय ऐकतेस?"

"आतडी वाजतायत का बघते. वाजली म्हणजे तब्येत ठीक."

न्हाव्याच्या पोटात दुपारपासून कावळे ओरडत होते. ते कोणाला ऐकू आले नाहीत.

"भावोजी, गाजर घ्या," मेहुणी म्हणाली. "घोड्याला नकोय ते."

सकाळी शर्यत सुटली. पहिला फेरा संपवून घोडा फुरफुरत आला, अंगातून वाफा निघत होत्या. बायको उतरली, खोगीर काढलं, त्याचं नाक कुरवाळलं आणि दोर न्हाव्याच्या हातात देऊन तपासणीच्या जागेभोवती बांधलेल्या दोरखंडाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. न्हाव्याचं नाक कोणी कुरवाळलं नाही. मेहुणीने बादली ठेवली आणि शिंकत पळाली. आता न्हावी आणि ते ध्यान, समोरासमोर.

याला भडकवायचं. पण हात उगारावा तर शंभर डोळे बघतायत. राहिली जीभ. त्याने मानेवर स्पंज फिरवता फिरवता घोड्याच्या कानाशी तोंड नेलं.

"गाढवा," तो म्हणाला. घोड्याला याहून मोठी शिवी असेल असं त्याला वाटेना. "गाढवाच्या गाढवा. कोणी सांगितलं होतं तुला आमच्या घरात खूर घालायला? तोंड बघितलंस का आरशात? फूटपट्टीला डोळे लावल्यासारखं दिसतं. तू म्हणे राजा. तुझ्या राज्याला आग लागो."

हे सगळं जहरी होतं, मनापासून होतं. पण निघालं त्याच आवाजात, गरम टॉवेलाच्या, साबणाच्या फेसाच्या. घोड्याचा एक कान खाली पडला. मग दुसरा. खालचा ओठ लोंबायला लागला. डॉक्टरीणबाई आल्या, स्टेथोस्कोप लावून घड्याळाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बावन्न. वा."

बायको दोरखंडाखालून वाकून धावत आली. ती आली ती थेट घोड्याच्या गळ्यात पडली. "शाबास माझ्या राजा." ज्याने उभं राहून पाणी मारलं, त्याच्या हातात तिने रिकामी बादली दिली.

न्हाव्याच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या फेऱ्याची तो वाटच बघत राहिला. शिव्यांनी भागत नाही ना, मग धमक्या. घोडा आला तसा त्याने कान पकडला आणि सगळं ओतलं. रविवारचा चहा कसा एकट्याने प्यावा लागतो. गॅलरीतली दुसरी खुर्ची कशी धूळ खाते. बायकोच्या केसांना आता गवताचा वास येतो. "पण थांब," तो पुटपुटला, "मळ्यावर पाठवायच्या आधी तुझी शेपटी मी कापून घेणार. दाढीचे ब्रश करीन तिचे. आळीतला एकेक टक्कल्या तुझ्या शेपटीने फेस फासून घेईल. आयाळीचे टोप करीन."

या वेळी काय झालं, ते तळ्याकाठी होते ते लोक अजून सांगतात. ते ध्यान उभ्या उभ्या घोरायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप लावला, काढला, झटकला, पुन्हा लावला. ठोके इतके सावकाश पडत होते की दोन ठोक्यांच्या मध्ये त्या चष्मा पुसून घेत होत्या. शेवटी घोडा जिवंत आहे का बघायला त्यांनी न्हाव्याच्याच खिशातला आरसा त्याच्या नाकाशी धरला. शेजारी उभा असलेला करडा घोडा पेंगला, त्याच्या पलीकडची घोडी पेंगली, आणि तिला धरलेला धिप्पाड माणूस बादलीवर बसून तिच्याही आधी झोपला.

"आच्छी," पाण्याच्या टाकीमागून आवाज आला. मेहुणी नाक पुसत बाहेर आली. "भावोजी, मी सगळं ऐकलं."

"सगळं म्हणजे?"

"टोपापर्यंत."

न्हाव्याचं तोंड साबणासारखं पांढरं पडलं. "ताईला सांगणार?"

"कशाला? ताईला वाटतंय तुम्ही त्याला अंगाई म्हणताय. तिकडे बायकांना कौतुकाने सांगत सुटली आहे." मेहुणी जवळ आली, शिंक आवरली. "पण भावोजी, तुमच्यासारखा वेडा माणूस मी बघितला नाही. घोडा बाद व्हायला हवाय आणि बोलता काय त्याच्याशी? तुमच्या बोलण्याने ताई झोपते, गिऱ्हाइकं झोपतात, तो काय निराळा आहे? तुम्ही गप्प बसला असतात तर तो केव्हाच बाद झाला असता."

आणि तिने रिकामी बादली उचलून शिक्का मारल्यासारखी खाली आपटली.

न्हाव्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे दोनदा या ध्यानाला आपणच पास केलं तर. बरं. आता शेवटचा फेरा, शेवटची तपासणी, आणि करायचं काय? काहीच नाही. तोंड शिवून घ्यायचं.

ऊन कलताना घोडा आला तेव्हा पार दमला होता. बायकोही दमली होती. घोड्यावरून उतरली ती बसच्या पायरीवरून उतरावी तशी, सवयीने, आणि गुडघे वाकलेच. दोर देताना तिने नवऱ्याकडे बघितलं. "आता सगळं तुमच्या हातात," म्हणाली, आणि दोरखंडापलीकडे गेली.

न्हाव्याने पाणी मारलं. स्पंज फिरवला. ओठ घट्ट मिटले.

घोड्याने वाट बघितली. एक कान वळवला, मग दुसरा. न्हावी गप्प. घोड्याने नाकाने त्याच्या छातीला ढुशी दिली. खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाने काय झालं म्हणून डोळा उघडावा तसा एक डोळा किलकिला करून बघितलं. न्हाव्याने तळ्याकडे तोंड फिरवलं.

"बहात्तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वेळ संपत आलीय. थोड्या वेळाने पुन्हा मोजते, तेच शेवटचं."

तेव्हा घोड्याने एक पाऊल पुढे टाकलं आणि आपली ती लांबलचक, घामट, जडशीळ मान न्हाव्याच्या खांद्यावर टाकून दिली. न्हावी निम्मा खचला. त्याला वाटलं, आता बायकोच्या डोळ्यांत पाणी असणार. त्याने चोरून बघितलं. पाणीबिणी काही नव्हतं. डोळे बारीक झाले होते, ओठ आवळलेले होते, आणि नजर घोड्याच्या पायांवर नव्हती, पोटावर नव्हती. नजर होती नवऱ्याच्या खांद्यावर, जिथे मान टेकली होती तिथे.

ती नजर न्हाव्याच्या चांगलीच ओळखीची होती. गेली दोन वर्षं दुकानातल्या तिन्ही आरशांत त्याने तीच बघितली होती.

"माझ्या खांद्यावर नाही कधी टेकवली," ती बहिणीला म्हणाली, पण न्हाव्याला ऐकू येईल इतक्या मोठ्याने. "दोन वर्षं गाजरं मी चारतेय."

न्हाव्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बायकोच्या पोटात दुखत होतं, आणि ते त्याच्यामुळे. घोडा मळ्यावर गेला तर रविवार परत येईल, चहा परत येईल, गॅलरीतली खुर्ची पुसली जाईल. पण ही नजर घोड्याबरोबरच जाईल. आणि ही तर आत्ताच आली होती. अजून नीट बघूनसुद्धा झाली नव्हती.

डॉक्टरीणबाई स्टेथोस्कोप सावरत पुन्हा आल्या. न्हाव्याने घोड्याच्या मानेला हात टाकला, अगदी प्रेमाने, चारचौघांत दिसेल असा.

"राजा," तो म्हणाला. हे पलीकडे ऐकू जाईल असं. मग तोंड कानाशी नेऊन हळूच, "गाढवा. मघाशी दुकान उघडंच होतं रे, मीच 'बंद'ची पाटी लावली होती. ब्रशांचं मात्र मी विसरलेलो नाही."

घोड्याने असा सुस्कारा सोडला की डॉक्टरीणबाईंच्या कपाळावरचे केस उडाले. त्यांनी मोजलं. "साठ," त्या म्हणाल्या. "आणि अजून उतरतायत. घोडा पास."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, तबेल्याच्या मालकाने हात मिळवला, घोडा तिचा झाला. ती हसली, सगळ्यांशी बोलली. न्हाव्याशी मात्र तंबूच्या सगळ्या खुंट्या उपटून होईपर्यंत एक शब्द नाही. मग खोगिराच्या पेटीवर बसली आणि म्हणाली, "काय सांगत होता हो त्याला?"

"असंच."

"असंच काय? एवढं कानात तोंड घालून, हळू हळू. मला नाही कधी बोललात असं."

"तू झोपतेस."

"तोही झोपतो. त्याला बरं बोलता."

तंबूच्या कापडाच्या ढिगामागे मेहुणीला शिंकांचा मोठा झटका आला, आणि शिंकताना ती हसत का होती हे तिने कोणाला सांगितलं नाही.

"एक तरी वाक्य सांगा," बायको म्हणाली. तिने केस मागे सारून कान पुढे केला. "त्याला सांगितलंत तस्संच. बदलायचं नाही."

न्हाव्याने मेहुणीकडे बघितलं. मेहुणी खुंट्या पिशवीत भरण्यात एकाएकी फारच गर्क झाली. मग तो पेटीवर तिच्याशेजारी टेकला आणि त्या गवताचा वास येणाऱ्या कानाशी तोंड नेलं.

"गाढवे," तो म्हणाला. "कोणी सांगितलं होतं तुला माझ्या घरात..."

तिचे डोळे मिटायला लागले. खालचा ओठ सैल पडला. "पुढे?" ती पुटपुटली.

"पुढे पुष्कळ आहे."

पण तिची मान कलंडली होती, त्याच्या खांद्यावर; ज्यावर घोड्याची लाळ होती त्यावर नाही, दुसऱ्या. न्हावी हलला नाही.

पलीकडे झाडाला बांधलेलं ते ध्यान हे सगळं बघत होतं. त्याने कान मागे पाडले, एक खूर दाणकन आपटला, पुन्हा आपटला. त्या घडीला कोणी त्याचे ठोके मोजले असते, तर घोडा जागच्या जागी बाद झाला असता.