पहिलटकरीण

डॉक्टरीणबाईंनी मोहिनीच्या दंडाला तिसऱ्यांदा रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला आणि आकडा कुणालाही न सांगता लिहून घेतला. झुंबरबाईंचा जीव टांगणीला लागला. नवव्या महिन्यात सुनेचे हातपाय सुजले, तेव्हा अंग भरतंय म्हणून त्यांनीच कौतुक केलं होतं. आता त्याची लाज वाटत होती.

"पहिलंच ना?" बाईंनी विचारलं.

"पहिलंच," झुंबरबाई म्हणाल्या. मोहिनी भिंतीकडे बघत राहिली.

मग जुन्नरच्या दवाखान्यात थांबण्यात अर्थ नाही, असं बाईंचं म्हणणं पडलं. पहिलटकरणीला वेळ लागतो, एवढ्या दाबात झटके आले तर दोघंही हातची जातील, पुण्याला न्या. जीपने तीन तास लागणार होते आणि मुंबईला असलेल्या मुलाला, मोहिनीच्या नवऱ्याला, एसटीडीवरून नुसता निरोप गेला होता.

मोहिनी पाटाची, पहिला नवरा गेल्यावर पुन्हा लग्न लावून आणलेली, हे सगळ्या मढ गावाला ठाऊक होतं. एक लेकरू आहे, ते रीतीप्रमाणे पहिल्या सासरीच राहील, असं मध्यस्थ म्हणाला होता. ही लेकराची गोष्ट मात्र झुंबरबाईंनी उंबऱ्याबाहेर जाऊ दिली नव्हती. आणि जिच्या तोंडात तीळ भिजत नाही ती शेजारची साळुबाई सोबत म्हणून आलेली, दारातच उभी होती.

झुंबरबाईंनी पदर सारखा केला.

"बाई, मी खोटं बोलले. हिचं एक झालंय. तवा लई झटपट मोकळी झाली व्हती."

बाईंनी रागाने पाहिलं, पुन्हा तपासलं आणि दुसरेपणी वेळ लागत नाही म्हणून इथेच कळा आणायचं ठरवलं.

"पर तवा काय बी तरास न्हाई. मंग आत्ताच का?" झुंबरबाईंनी विचारलं.

सलाईन लावता लावता बाईंनी सांगितलं की मूल निम्मं बापाचं, म्हणून आईच्या अंगाला ते परकंच. रोगाशी लढणारी अंगातली ताकद त्याला आपलं म्हणायला हळूहळू शिकते. बाप बदलला की कधीकधी पहिल्यापासून शिकावं लागतं आणि दाब चढतो, असं काही डॉक्टर मानतात. पक्कं अजून कुणालाच ठाऊक नाही.

कळा सुरू झाल्या तशा झुंबरबाई खाटेशी वाकल्या. साळुबाई ऐकतेय की नाही, हे त्यांनी पाहिलंही नाही.

"पोरी, तुझ्या त्या लेकराचं नाव काय गं?"

मोहिनीने डोळे उघडले.

"मुलगी हाय, आत्याबाई. श्रेया."